पन्नास ग्रॅमांचें वजन

१९३० सालची एक फोर्ड मॉडेल-ए मोटार आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत बरींच वर्षें पडून होती. तिचें इंजिन पुनः उभारण्याचें काम आम्हीं मागल्या उन्हाळ्याच्या सुटींत चार विद्यार्थ्यांस हाताशीं घेऊन आरंभिलें. पुस्तकांतलें यंत्रशास्त्र मुलांस प्रत्यक्ष दाखवूं, असा थोडा अभिमानही मनांत होता.

इंजिन उघडतांच चारही सिलिंडर झिजलेले आढळले. त्यांचा मूळचा व्यास ३.८७५ इंच. झीज मापून आम्हीं ०.०४० इंच मोठे ॲल्युमिनियमचे पिस्टन मागविले. येथें एक नियम ध्यानांत ठेवावा: पिस्टन आधीं हातीं घ्यावे, आणि मग त्यांच्या मापानें सिलिंडर कोरून घ्यावे. ॲल्युमिनियम बिडापेक्षां उष्णतेनें अधिक फुगतें. मध्यें पुरेशी फट नसेल तर पिस्टन आंतच जखडून बसतो.

पिस्टन समान वजनाचे आले. कनेक्टिंग रॉडविषयीं मात्र आम्हीं काटकसर केली. या रॉडच्या खालच्या टोंकांत पांढऱ्या मऊ धातूचें अस्तर ओतलेलें असतें, आणि त्याच्या बुडाशीं असलेली लहानशी पळी दर फेऱ्यास तेल उचलते. मूळचे तीन रॉड चांगले होते. चौथा वांकलेला निघाला. त्याच्या जागीं दुसऱ्या इंजिनांतला एक जुना रॉड मिळाला. तो बसविणार, इतक्यांत एक मुलगा प्रयोगशाळेचा तराजू घेऊन आला व म्हणाला, "सर, हा पन्नास ग्रॅम जड भरतो."

आम्ही हंसून म्हणालों, "अरे, एवढ्या लोखंडांत पन्नास ग्रॅमांचें काय घेऊन बसलास?" इतर मुलेंही हंसलीं. तो बिचारा खालीं मान घालून गप्प राहिला.

इंजिन सुरू झालें. सावकाश चालतांना बरें वाटलें. परंतु वेग वाढतांच सुकाणूचें चाक हातांत कांपूं लागलें. त्या रात्रीं आम्हीं कागदावर गणित मांडिलें. पिस्टनची धांव ४.२५ इंच आणि मिनिटास २,२०० फेरे धरले, तर त्या पन्नास ग्रॅमांचा ओढा सुमारें पंधरा किलोंच्या वजनाएवढा होतो. आणि तोही दर फेऱ्यास! हें गणित आम्ही दरवर्षीं फळ्यावर करून दाखवितों. तराजूविषयीं नीतिसूत्रांत जें सांगितलें आहे, तेंही मुलांकडून पाठ करवून घेतों. परंतु मुलानें तराजू पुढें केला, तेव्हां आम्हीं त्यांत पाहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, जीं मुलें हंसलीं होतीं त्यांच्याच समोर, आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो क्षणभर गोंधळला, मग हळूच म्हणाला, "सर, मग इंजिन पुनः उघडूं या ना?" चारही रॉडचीं दोन्ही टोंकें निरनिराळीं तोललीं, जड रॉडचा अधिक धातु बेताबेतानें घांसून काढला, आणि चौघांचें वजन समान केलें. आतां तें चाक कांपत नाहीं.

बालमित्रहो, आपलें म्हणणें खरें असेल, तर वडीलधाऱ्यांपुढें नम्रपणें पण पुनः एकदां सांगा. आणि पालकहो, आपण ऐकूं या.