शेजारी आणि कूपनलिका

रावेरकडच्या केळीबागायतदाराच्या घरातला एक विद्यार्थी यंदा माझ्या हाताखाली आला, आणि ज्या एका नियमापाशी माझे सारे आयुष्य अडून राहिले आहे त्याकडे मी नव्याने पाहू लागलो. यावल-रावेरचा एकेक शेतकरी स्वतंत्र कर्ता म्हणून संगणकात वसवावा, त्याला जमीन, कर्ज आणि मृगबाग की कांदेबाग ही निवड द्यावी, हे कष्टाचे असले तरी दुष्कर नाही. दुष्कर आहे ते त्याला शेजाऱ्याकडे पाहायला शिकवणे. शेजाऱ्याची कूपनलिका आटली म्हणजे तो उपसा आवरील, की आपली आणखी खोल नेईल? विद्यार्थी म्हणाला, “सर, तो आटण्याची वाटच पाहत नाही. शेजाऱ्याने बोअरची गाडी बोलावली हे कळले, की तोही बोलावतो.”

तो नियम प्रतिकृतीत घातल्यावर ठिबक सिंचनाच्या अनुदानाचे चित्र पालटले. झाडामागचे पाणी वाचले, हे अभिप्रेतच होते; परंतु त्याच पाण्यावर प्रत्येकाने बाग वाढवली आणि सातपुड्याच्या पायथ्याची पाणीपातळी खालीच जात राहिली, हे कोणाच्याही मनात नव्हते. सरासरी शेतकऱ्यावर समीकरणे रचणाऱ्या विद्वानांविषयी मला आदर नाही. असा शेतकरी कोणत्याही सातबाऱ्यावर सापडत नाही.

तरीही अनुकरण हा दोष नव्हे. लान्सिंग आणि क्रेमर यांनी १९९३ साली बालीतल्या भातशेतीची अशीच प्रतिकृती प्रसिद्ध केली; तीत पाणीवाटपाची प्रत्येक मंडळी अधिक पिकवणाऱ्या शेजारी मंडळीचे वेळापत्रक उचलत गेली आणि त्यातूनच पाणी व कीड या दोहोंना आवर घालणारा मेळ जमला. धुळ्याकडे पांझरेकाठी फडपद्धतीत एका फडात एकच पीक घेतात, पाटकरी पाणी देतो, आणि पाटात किती पाणी आहे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. कूपनलिकेचे पाणी कोणालाच दिसत नाही, दिसते ती फक्त गाडी. त्यामुळे शेजाऱ्याकडे पाहण्याची जी सवय पाटावर माणसांना एकत्र आणते, तीच भूगर्भावर त्यांना एकमेकांच्या पुढे धावायला लावते, असे माझे ठाम मत आहे.

अख्खा तालुका पडद्यावर माझ्या हुकमाने हालताना पाहून मला आजही अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानापायीच मी हे काम सोडू शकत नाही. परंतु प्रत्यक्ष हुकूम काढणारे दुसरे आहेत, आणि त्यांना माझी विनंती आहे: ठिबकाच्या अनुदानाबरोबर बागेच्या क्षेत्राची मर्यादा ठरवा, आणि गावातल्या प्रत्येक कूपनलिकेची पाणीपातळी दरमहा चावडीवर लावण्याची तजवीज करा.