भरल्या होडीचा पंखा

मालवणच्या किनाऱ्यावर आउटबोर्डचा पंखा मोडला, की होडीवाला तो पिशवीत घालून आणतो आणि म्हणतो, “मेस्त्री, असोच होयो.” पंख्यावर आकडे कोरलेले असतात, ९¼ × ११ असे. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पण तो पंखा पहिल्यापासूनच चुकीचा असू शकतो, म्हणून मी आधी विचारतो, होडीत रोज वजन किती असतं?

पिच म्हणजे एका फेऱ्यात पंख्यानं पुढे कापायचं अंतर. पाण्यात तो थोडा घसरतो, तेवढं पुरतं कापत नाही. तरी पिच मोठा तर वेग मोठा, असा समज पक्का बसलाय, आणि त्यापायी अकाली झिजलेली मशीनं उघडताना मला खरंच वाईट वाटतं. रिकामी होडी मोठ्या पिचवर पळते. जाळी, बर्फ आणि माणसं चढली, की घाटात चौथ्या गिअरवर एसटी रेटावी तसं मशीन घुसमटतं. पेट्रोल जास्त जळतं, आत कार्बन धरतो.

प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो. तो लावून नेहमीच्या वजनाची होडी खाडीच्या संथ पाण्यात न्यायची, थ्रॉटल पूर्ण द्यायचा आणि आकडा वाचायचा. मशीनच्या पुस्तिकेत ५,००० ते ६,००० लिहिलंय आणि आकडा ४,७०० वर अडकलाय, तर पिच उतरवायचा. इंचामागे साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. ११ चा ९ केला की मशीन ५,००० गाठतं. मग रिकाम्या होडीवरही एकदा बघायचं. तेव्हा ६,००० च्या पुढे जात असेल तर होडी रिकामी असताना थ्रॉटल आवरून धरायचा.

स्टेनलेसचा पंखा देखणा, पाती पातळ नि ताठ. तरीही या खडकाळ पाण्यात छोट्या मशीनला मी अ‍ॅल्युमिनियमच सुचवतो. खडकाला लागलं तर पातं वाकावं, धक्का गिअरपर्यंत जाऊ नये.

कधीकधी पाती धड असतात आणि तरी मशीन नुसतं ओरडतं, होडी पुढे सरत नाही. तेव्हा बहुधा आतला रबरी बुश सुटलेला असतो. बुश आणि पंखा यांवरून रंगाची एकच रेघ ओढून फेरी मारावी. रेघ तुटली, तर दोष सापडला.

नवा पंखा घेताना आतले दाते मोजून घ्यावेत, कॉटर पिन नवी घालावी. आणि जुना उतरवल्यावर शाफ्टच्या मुळाशी बोट फिरवून बघावं. तिथे अनेकदा मासेमारीचा तंगूस गुंडाळलेला असतो. तो सील कापतो, खारं पाणी गिअरच्या तेलात शिरतं. गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावं. ते दुधाळ दिसलं, तर पंख्याचे पैसे तूर्त खिशात ठेवून आधी सील बदलून घ्यावं.