दुसरी खोली

आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडाला दुसरी खोली नाही, याला पश्चिम आफ्रिकेचा किनारा कारणीभूत आहे, असे सांगितले तर वाचक हसतील. पण गोष्ट खरी आहे. आजी होती तोवर आल्यागेल्याला ती ही हकीकत हटकून सांगे आणि शेवटी म्हणे, "खोलीचे पैसे त्या दोघांनी समुद्रात घातले हो!"

झाले ते असे. 1976 साली नायजेरियाने प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत द्यायचे ठरवले. तेलाचा पैसा होता, शाळा भराभर निघाल्या. मास्तर मात्र पुरेनात. मग आपल्याकडचे मास्तर तिकडे जाऊ लागले. अण्णा गणित शिकवीत, आई विज्ञान. 1980 साली दोघेही कानो शहराजवळच्या एका गावी रुजू झाली. मी दोन वर्षांचा. मला कल्याणला, पारनाक्यावर, आजीपाशी ठेवले. तीन वर्षे कळ सोसायची आणि परत येऊन डोंबिवलीत दोन खोल्या घ्यायच्या, असा बेत होता.

कानो म्हणजे सहाराच्या उंबरठ्यावरचा मुलूख. पण आईला तिथे फारसे परके वाटले नाही, आणि याचे श्रेय बाजरीचे. बाजारात ज्वारी-बाजरीची पोती पाहून ती हरखली. बाजरी मूळची त्याच भागातली, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली, हे तिला मागाहून कळले. "मी त्यांना भाकरी दाखवायला निघाले होते, आणि धान्यच त्यांचे!" असे ती अजून सांगते.

डिसेंबरात नाताळची सुटी लागली. वाळवंटाकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा सुटला होता. भांड्यांवर धूळ, अंथरुणात धूळ, दाताखाली धूळ. एका रात्री आई म्हणाली, "अहो, मला समुद्र पाहायचाय." अण्णांनी जन्मात कधी रुपया उधळला नाही, चहासुद्धा ते घरून पिऊन निघत. पण त्या रात्री त्यांनी उठून नकाशा काढला. त्यांच्या मनात काय आले, कोण जाणे.

प्यूजो मोटारीत नऊ माणसे कोंबलेली, टपावर बोचकी, अशा थाटात हजारावर किलोमीटर तुडवून ती दोघे लागोसला पोचली. तिथून किनाऱ्याने पश्चिमेकडे. लागोस ते आक्रा अंतर पाचशे किलोमीटरच्या आतले. पण वाटेत तीन सीमा आणि तीन नाणी. आधी इंग्रजी, मग बेनिन आणि टोगो या दोन देशांत फ्रेंच, पुढे घानात पुन्हा इंग्रजी. टोगोचा किनारा तो केवढा, डोंबिवली ते बोरीबंदर! "पास काढला असता तर स्वस्त पडले असते," असे अण्णा म्हणत. त्यांचे लोमे शहर सीमेला इतके चिकटलेले, की पलीकडे चालत जाता येते. घानात त्या दिवसांत विलक्षण टंचाई होती. साबण मिळेना, साखर मिळेना. आईने लोमेत साबणाच्या वड्या भरून घेतल्या होत्या. पण ज्या घरी उतरली तिथल्या बाईचे हात पाहून तिने त्यांतल्या निम्म्या तिला देऊन टाकल्या.

पुढे एल्मिना. समुद्रात घुसलेला तो पांढरा किल्ला लांबून दिसताच अण्णा उद्गारले, "अगं, ही तर आपली वसई!" त्यात नवल नव्हते, कारण बांधणारे हात तेच, पोर्तुगीजांचे. एल्मिना त्यांनी 1482 साली बांधला. ठाण्याचा किल्ला, ज्यात आज कारागृह आहे, तोही त्यांचाच. मराठ्यांनी 1737 साली ठाणे घेतले, 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई. एल्मिना मात्र 1637 साली डचांनी घेतला आणि 1814 पर्यंत तिथून माणसे जहाजात भरून विकली.

आत बायकांना कोंडायचे अंगण आहे. वर गव्हर्नरची गच्ची. तो तिथून खाली पाहून बाई निवडी. समुद्राच्या बाजूला भिंतीत जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट, तिच्यातून त्यांना बाहेर काढीत. वाटाड्या हे सगळे पाठ केल्यासारखे सांगत होता. आई पायरीवर बसली. "ह्यांची पोरे कुठे राहिली असतील हो?" एवढेच म्हणाली. अण्णांनी बाहेर काढलेला कॅमेरा पिशवीत ठेवला. त्या रात्री तिने कल्याणला परत जाण्याचा हट्ट धरला. अण्णांनी करार दाखवला.

मी कादंबऱ्या लिहितो, पण या प्रसंगावर दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडले. कारण त्यात माझे एक भांडण आहे. विशीत असताना मी ते आईपुढे मांडले होते. खोलीचे पैसे समुद्र पाहण्यात गेले ते गेले. पण त्याच पैशांत तुला एकटीला कल्याणला येऊन मला पाहून जाता आले असते की नाही? आईने वाटाण्याच्या शेंगा सोलणे थांबवले नाही. म्हणाली, "आले असते तर परत गेले नसते."

1983 साली ती दोघे परतली. त्याच वर्षी जानेवारीत नायजेरियाने लाखो घानावासीयांना हाकलून दिले होते. चौकड्यांच्या ज्या स्वस्त पिशव्यांत त्यांनी संसार भरला, त्या पिशव्यांना तिकडे 'घाना मस्ट गो' असेच नाव पडले. तशीच एक पिशवी घेऊन आई पारनाक्यावर आली, आणि मी आजीच्या पदराआड लपून विचारले, "ह्या बाई कोण?"

गेल्या थंडीत, अण्णा गेल्यानंतर, आई म्हणाली, वसईला ने. कोपरला दिवा-वसईची गाडी पकडली. किल्ल्याच्या सागरी दरवाज्यात ती बराच वेळ उभी राहिली, चौकटीवरून हात फिरवला. "इथला रुंद आहे," म्हणाली. मग सावली बघून बसली आणि चौकड्यांच्या पिशवीतून बाजरीच्या भाकऱ्या काढल्या.