आधी नावं, मग स्लाइड शो
आजीच्या पंच्याहत्तरीला स्लाइड शो करायचाय. त्याआधी घरातले सगळे फोटो नीट लावायला हवेत, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर ठरवायला हवं. गूगलने २०१६ मध्ये पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हापासून मनात एक पक्कं आहे: सॉफ्टवेअर जातं, माहिती मात्र फोटोसोबत राहिली पाहिजे. म्हणून डिजिकॅम निवडलं. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. मुख्य म्हणजे नावं, ठिकाणं, मथळे फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवता येतात. स्लाइड शोही त्यातच होतो.
जुने चेहरे ओळखणारी माणसं घरात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसा आणि नावं लिहून घ्या. ते काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देणार नाही.