अखेर शील्ड मिळाली!

शील्ड या वस्तूशी माझा संबंध शाळेत असताना एकदाच आला. वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेला मिळालेली शील्ड हेडमास्तरांच्या खोलीत टांगायची होती, तेव्हा स्टूल धरून उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. त्यानंतर पन्नासएक वर्षं कुठल्याही शील्डने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्यात इंजिनियरिंगला असलेला माझा पुतण्या रत्नागिरीला सुट्टीला आला आणि "काका, आपल्याला शील्ड लागणार," असं म्हणाला, तेव्हा मी नकळत शर्टाची कॉलर सारखी केली.

प्रकरण पाण्याच्या टाकीचं होतं. आमची विहीर जांभ्यात खोदलेली. मे महिन्यात तिचा तळ दिसतो, आणि तळाशी पूर्वी पडलेल्या दोन कळशाही दिसतात. पंप लावायचा मी, आणि लावून विसरायचाही मीच. पण इतकी वर्षं आमचं निभावलं ते आईमुळे. ती सकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसते. टाकी भरत आली की धारेचा आवाज बदलतो म्हणे. तो बदल तिला बरोबर कळायचा आणि "अरे, टाकी भरली रे!" अशी हाक यायची. आता तिला सत्त्याऐंशी पुरी झाली. कान थकले. हाक उशिरा येऊ लागली आणि पाणी आधी येऊ लागलं. गेल्या मेमध्ये ते शेजारणीने वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांवर गेलं. साठं भिजणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगून कळणार नाही. एवढंच सांगतो की, कुंपणावरचं बोलणं आठ दिवस बंद होतं.

"साधा बॉलकॉक लावा की!" असं आमच्या हिने सुचवलं. त्यावर पुतण्या म्हणाला, "काकू, पाणी थांबेल, पण पंप चालूच राहील ना!" ही गप्प झाली. ही गोष्ट मी डायरीत लिहून ठेवली आहे.

मग त्याने खिशातून पत्त्याएवढा निळा बोर्ड काढला. त्याचं नाव आर्डुइनो उनो. सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके, म्हणाला. माझं हृदय मिनिटाला बहात्तर ठोके देतं आणि तेवढ्यानंही दमतं. आर्डुइनो बोर्ड इटलीतल्या इव्रेआ गावच्या एका डिझाईनच्या संस्थेत २००५ साली जन्माला आला. त्याचं नाव गावातल्या एका बारवरून ठेवलं आणि बारचं नाव अर्दुइनो राजावरून. हा राजा १००२ साली गादीवर बसला आणि १०१४ साली त्याची गादी गेली. हे ऐकल्यावर मला त्या बोर्डाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. गादी गेलेला राजा रत्नागिरीला नवा नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथेच आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या नावाचा राजवाडा अजून उभा आहे. बोर्ड मात्र कुणी काढला नाही.

पहिली जुळणी ब्रेडबोर्डवर झाली. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची पांढरी पाटी. भोकात वायरी खुपसायच्या, जोडणी तयार! पूर्वी रेडिओचे हौशी लोक पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून जोडण्या करत, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे आपल्याकडे लागला असता तर त्याचं नाव पोळपाट पडलं असतं. टेबलावर सगळं झकास चाललं. बादलीत फ्लोट वर आला की रिले 'टक्' करी आणि सगळे टाळ्या वाजवत. मग तो संसार उचलून आम्ही न्हाणीघराच्या माळ्यावर नेला. शिडीच्या चौथ्या पायरीवर दोन वायरी सुटल्या, सहाव्या पायरीवर आणखी तीन. टेबलावर चालणारी गोष्ट माळ्यावर चालतेच असं नाही, हा धडा मी चाळीस वर्षांच्या नोकरीत शिकलोच होतो.

"सोल्डर करायला हवं," पुतण्या म्हणाला. बाजारातून भोकं पाडलेला झीरो पीसीबी आणला. सोल्डरिंग आयर्न तापलं, राळेचा वास घरभर पसरला, आणि आई आतून म्हणाली, "कुणाची दृष्ट काढताय रे?" सगळं डाखून झालं आणि खालच्या बोर्डावर बसवायला गेलो, तर बसेना! एका बाजूच्या पिना बसल्या की दुसऱ्या बाजूच्या चुकत. मी माझा हातखंडा उपाय, म्हणजे जोर लावणं, सुचवला. पुतण्याने बोर्ड माझ्या हातातून काढून घेतला.

दोष आमचा नव्हता. त्या बोर्डावर पिनांमधलं अंतर सगळीकडे अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे. फक्त सात आणि आठ नंबरच्या मधे ते चार मिलिमीटर आहे. का? तर आखणी करणाऱ्याची चूक! ती ध्यानात आली तोवर उशीर झाला होता. सुधारावी, तर आधीच्या बोर्डावर बसणाऱ्या सगळ्या वस्तू बाद होणार. म्हणून जगभर ती चूक जपली गेली. अगदी २०२३ साली निघालेल्या नव्या उनोतसुद्धा ती जशीच्या तशी आहे.

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घराची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच आहे. गवंड्याची चूक. पाहुणे ठेचकाळतात. वडिलांनी एकदा ती तासून घ्यायचं काढलं, तर आई म्हणाली, "नको, मग आपण पडू."

तर ही चूक पोटात घेऊन वर नेमका बसणारा बोर्ड विकत मिळतो. त्याचं नाव प्रोटो शील्ड. बुधवार पेठेतून, म्हणजे पुण्याहून, कुरियरने ती आली. खाली पिना आपापल्या घरात बरोबर बसतात आणि वर मोकळी भोकं, तुम्हांला हवं ते मांडा. फ्लोटच्या वायरी, ट्रान्झिस्टर, डायोड, सगळं डाखून पक्कं बसलं. पंपाचे दोनशे तीस व्होल्ट मात्र बाहेरच, वायरमनने बसवलेल्या पेटीत. आता माळ्यावर नेताना शिडी हलली, मी हललो, शील्ड हलली नाही. पंप सुरू झाला, टाकी भरली, 'टक्', पंप बंद. शेजारीण कुंपणाशी येऊन चक्क हसली.

तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "टाकी भरली का रे?"

"भरली. आता आपोआप बंद होतो पंप. तू काळजी नको करूस."

"बरं झालं हो," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुढे दोन दिवसांनी ही मला हळूच म्हणाली, "अहो, सासूबाई सकाळच्या ओटीवर येत नाहीत. पडूनच असतात." मी झोपाळ्याकडे पाहिलं. तो रिकामा होता. आमचं घर इतकी वर्षं एका माणसाच्या कानाच्या अंदाजाने बांधलेलं होतं, आणि तो अंदाज मी 'टक्'दिशी बंद करून टाकला होता.

पुतण्याला सांगावं कसं, हा प्रश्न पडला. एवढ्या हौसेने केलेलं काम. पण पोरगं शहाणं. त्याने ऐकून घेतलं, शील्ड खाली काढली आणि म्हणाला, "काका, यावर अजून पुष्कळ भोकं मोकळी आहेत."

आता सात नंबरला रिले आहे आणि आठ नंबरवरून ओटीपर्यंत वायर नेऊन झोपाळ्यासमोर मोठा लाल दिवा लावला आहे. टाकी भरली की दिवा लागतो. कान थकले तरी आईचे डोळे मोतीबिंदू काढल्यापासून माझ्यापेक्षा चांगले आहेत. ती हाक मारते, मी बटण बंद करतो. दोन मिनिटांत कुणी बंद केलं नाही, तरच रिले आपलं काम करतो. "पहिली दोन मिनिटं आजीची," पुतण्याने सांगून ठेवलं आहे. आजवर रिलेला एकदाच संधी मिळाली, आई देवळात गेली होती तेव्हा.

हे लिहीत असतानाच ओटीवरून हाक आली आहे, "अरे, टाकी भरली रे! कुठे लक्ष असतं तुझं?"

लेख इथेच थांबवतो. दोन मिनिटं होत आली.