मूड ऑफ? मग ओव्हलमधून चला!

गीझरने ऐन वेळी दगा दिला. इस्त्रीच्या शर्टवर चहा सांडला. नाश्त्यावरून आईशी नाहीतर नवऱ्याशी खटका उडाला. धावतपळत स्टेशन गाठलं तर रोजची फास्ट डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची आली ती पंधरा मिनिटं लेट आणि बोरिवलीपासूनच फुल्ल! त्यात कुणीतरी पायावर पाय दिला आणि वर ‘एवढंच असेल तर टॅक्सीने जा ना’ हेही ऐकवलं. साडेनऊ वाजायच्या आत दिवसाचा पार विचका!

आता हा राग निघतो कुणावर? बॉसवर? छे! तो निघतो चहा आणणाऱ्या काकांवर, नुकत्याच जॉइन झालेल्या ज्युनियरवर, नाहीतर घरून आलेल्या फोनवर. ‘बोल, काय आहे?’ एवढं तुटक बोलून आपण फोन ठेवतो आणि पलीकडचं माणूस दिवसभर कुढत बसतं. सकाळ बिघडली एकाची, पण अकरा वाजेपर्यंत चौघांचा दिवस खराब.

म्हणूनच आपल्या हातात असलेल्या एका वेळेकडे नीट बघायला हवं. ट्रेनमधून उतरल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंतची ती पंधरा-वीस मिनिटं! घर मागे राहिलेलं असतं, ऑफिस अजून सुरू झालेलं नसतं. दिवसभरात हाच काय तो वेळ कुणाच्याही मालकीचा नसतो. आणि तुमचं ऑफिस फोर्टात असेल तर तो घालवायला झक्कास जागाही आहे.

गेट नसलेलं चर्चगेट

चर्चगेटला उतरून सरळ वीर नरिमन रोड धरला तर दहाएक मिनिटांत हुतात्मा चौक. बहुतेकजण मान खाली घालून तेच करतात. २०२५ पासून तर भुयारी मेट्रोही चर्चगेटहून हुतात्मा चौकाला नेऊन सोडते. पण मूड ठिकाणावर नसेल त्या दिवशी सबवेतून ‘इरॉस’च्या बाजूला बाहेर पडा. वळसा घातल्याने फार तर पाच-सात मिनिटं जास्त लागतील.

‘इरॉस’ १९३८चं. लाल आग्रा दगड आणि क्रीम रंगाचं ते गोलाकार देखणं रूप रोज दिसतं म्हणून आपण बघतच नाही! तिथून महर्षी कर्वे रोडने पुढे निघालात की उजव्या हाताला ओळीने आर्ट डेको इमारती. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात त्या उभ्या राहिल्या. म्हणूनच की काय, त्यांच्या बाल्कन्या जहाजाच्या डेकसारख्या वाटतात. कुठे गोल खिडक्या, कुठे गेटवर उगवत्या सूर्याची किरणं. आज एकाच इमारतीचं गेट नीट बघायचं, असं ठरवून टाका. डोक्यात घोळणारं सकाळचं भांडण तेवढा वेळ आपोआप मागे पडतं.

आणि हो, चर्चगेटचं गेट कुठाय, हा प्रश्न पडलाय कधी? ते होतं जुन्या फोर्टच्या तटाला, सेंट थॉमस कॅथीड्रलकडे जाणाऱ्या वाटेवर. १८६०च्या दशकात तट पाडला गेला आणि त्याबरोबर गेटही गेलं. आज त्या जागी फ्लोरा फाउंटन आहे. म्हणजे आपण निघालोय चर्चगेटहून चर्चगेटकडेच!

मैदानाच्या मधोमध

डाव्या हाताला ओव्हल मैदान. त्याला मधोमध छेदून जाणारी एक पायवाट आहे. कर्वे रोडवरून आत शिरायचं आणि समोर हायकोर्ट-युनिव्हर्सिटीच्या बाजूला बाहेर पडायचं. सकाळी या वाटेवर बॅगवाले, डबेवाले, काळ्या कोटातले वकील, कॉलेजची पोरं, सगळे एका लायनीत चालत असतात. पण गंमत बघा, ट्रेनमध्ये ज्यांचा कोपर आपल्याला लागत होता, त्याच माणसांचा इथे त्रास वाटत नाही. डोक्यावर आकाश आहे ना!

तासभर आपली नजर समोरच्या माणसाच्या पाठीवर नाहीतर मोबाइलवर खिळलेली असते. इथे ती एकदम लांब जाते. लांबवर बघितलं की डोळ्यांचे आखडलेले स्नायू सैलावतात. चालताना श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधडही हळूहळू खाली येते. यात कसला गूढ फंडा नाही, शरीराचा साधा हिशेब आहे. अट एकच, फोन खिशात आणि इयरफोन बॅगेत.

दोन्ही बाजूंना क्रिकेट चालू असतं. एकाच मैदानावर कितीतरी मॅचेस, एकाचा फाइन लेग तो दुसऱ्याचा मिड-ऑफ! कधीतरी बॉल घरंगळत पायाशी येतो आणि हाक येते, ‘अंकल, बॉल!’ ‘अंकल’ म्हटल्याचं वाईट वाटून घेऊ नका. बॉल उचला आणि मस्त लांब फेका. अख्ख्या सकाळीतली ही पहिली गोष्ट, जी तुम्ही फेकलीत आणि कुणाला लागली नाही!

बुडालेल्या माणसाचा टॉवर

पायवाटेच्या शेवटी समोर उभा असतो राजाबाई टॉवर. उंची ८५ मीटर, बांधून पूर्ण १८७८ साली. हा टॉवर बघायचा तो त्याच्या मागच्या गोष्टीसाठी.

यासाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी. कापसाचे आणि शेअर बाजाराचे बादशहा! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. त्या भरभराटीत, १८६४ साली, त्यांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. अट एवढीच की नाव आईचं, राजाबाईंचं, द्यायचं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं. कापूस कोसळला, बाजार कोसळला, बँका बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर प्रेमचंदही. ज्याच्या शब्दावर बाजार हलायचा त्याचं दिवाळं निघालं. टॉवरची पायाभरणी झाली ती १८६९मध्ये, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यानंतर. प्रेमचंद पुढे पुन्हा सावरले, १९०६पर्यंत जगले.

आपली चुकलेली लोकल यापुढे काय आहे? आणि हे ‘दुसऱ्याचं दुःख बघा म्हणजे आपलं विसराल’ असलं लेक्चर नाही हं! मुद्दा वेगळा आहे. त्या माणसाचं पुढे काय झालं, किती गेलं, किती परत आलं, हे आज कुणाच्या लक्षात नाही. मैदानातून दिसतो तो त्याने चांगल्या दिवसांत केलेला एक व्यवहार. वाईट दिवस येतात आणि जातात. त्या दिवसांत आपण काय मोडतो, नाहीतर काय मोडायचं टाळतो, तेवढं मात्र मागे राहतं.

मग ऑफिस

पलीकडे महात्मा गांधी रोडवर आलात की डावीकडे हुतात्मा चौक. १८६४चं फ्लोरा फाउंटन, शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं १९६१चं स्मारक. इथे दोन मिनिटं आहेत? मग टपरीवर एक कटिंग मारा. पाच असतील तर गल्लीतल्या एखाद्या इराण्याकडे बनमस्का. आणि चहा येईपर्यंत एकच काम करा, सकाळी ज्याच्याशी वाजलं त्याला फोन. मोठं सॉरी-बिरी नको. ‘पोचलो. संध्याकाळी बोलू’ एवढं पुरे. समोरचा माणूसही तोच राग घेऊन त्याच्या ऑफिसात शिरणार असतो.

ऑफिस फोर्टात नाही? हरकत नाही. दादरला शिवाजी पार्कचा कट्टा आहे. बीकेसीत किंवा हिंजवडीत असाल तर स्टेशन किंवा बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंतचा, झाडं असलेला एखादा लांबचा रस्ता शोधून ठेवा. मात्र शोधायचा तो बऱ्या दिवशी. डोकं फिरलेलं असताना रस्ता सापडत नाही, पायाखालचा असला तरच पाय आपसूक तिकडे वळतात.

ओव्हलमधून चालल्याने गीझर दुरुस्त होत नाही की लेटमार्क पुसला जात नाही. फक्त काकांनी टेबलावर चहा ठेवला की तोंडातून ‘थँक्यू’ निघतं. तेवढ्यासाठी पाच-सात मिनिटं महाग नाहीत!