किल्ल्याच्या पैलतीरी

किल्ला म्हटला म्हणजे तो चढावयाचा, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. माहुली, राजगड, हरिश्चंद्रगड ही नावे आम्ही पुस्तकातून शिकण्यापूर्वी गुडघ्यांनी शिकलो. आणि ज्याच्या माथ्यावर उभे राहून खालच्या गावाकडे कौतुकाने पाहता येत नाही, त्याला किल्ला म्हणण्यास आमचे मन सहसा तयार होत नसे. अशा आम्हांवर गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी प्रसंग गुदरला. एके रात्री हृदयाने असहकार पुकारला, रुग्णालयात आठ दिवस पडून राहावे लागले, आणि घरी जाण्याची परवानगी देताना डॉक्टरांनी बजावले, “चालणे सोडू नका, पण चढ नको. सपाट जागा पाहा, आणि चालता चालता बोलता येईल इतपतच वेग ठेवा.”

आमचे बिऱ्हाड कळव्यास. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत लोहमार्ग, रस्ते, चाळी, इमारती आणि माणसे यांची दाटी, असा हा गाव आहे. इतकी वर्षे येथे काढली, पण आमची दृष्टी सदैव डोंगराकडे. खाडी ही लोकलच्या दारात उभे राहून, प्रसंगी नाकास रुमाल लावून, ओलांडावयाची वस्तू, एवढीच तिची आमच्या लेखी किंमत. आता डोंगर वर्ज्य झाला आणि खाडी तेवढी उरली. आमच्या सौभाग्यवतींनी हे आमच्या तोंडावरून ओळखले असावे. त्या म्हणाल्या, “आजवर किल्ल्यांच्या पायऱ्या मोजल्यात, आता नुसती पावले मोजा. पावलांनाही आकडा असतोच.” तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे, शिक्षा भोगावयास निघालेल्या मुलाप्रमाणे, आम्ही खाडीची वाट धरली.

ही वाट फार मोठी नाही. इंग्रजी अमदानीतला जुना पूल डावीकडे टाकावयाचा, आणि तिवरांच्या कडेकडेने खारेगावच्या अंगास पाय नेतील तेथवर जावयाचे. वाटेत कोठे बांध लागतो, कोठे नुसती पाऊलवाट, तर कोठे कुणीतरी टाकलेल्या राडारोड्याचा ढीग. तिवरांच्या मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, आणि ओहोटीच्या वेळी चिखलाचा वास सुटतो. हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु बांध ओलांडून थोडे पुढे गेले की खाजणाचा उरलासुरला तुकडा पसरतो. श्रावण-भाद्रपदात त्यावर गुडघाभर हिरवे गवत डुलते, म्हशी त्यात पोटापर्यंत बुडून चरत असतात, आणि त्यांच्या पाठीवर बगळे, जणू आपलीच गुरे आहेत अशा थाटात, बसलेले असतात. मार्गशीर्षात तेच गवत पिवळे पडते आणि जमिनीवर मिठाची पांढुरकी साय दिसू लागते.

खाजण म्हणजे धड जमीन नव्हे आणि धड पाणीही नव्हे. पूर्वीच्या लोकांनी खाडीस बांध घालून, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यास बांधात उघाडी ठेवून, या खाऱ्या मातीत भात पिकविला. जेथे भात पिकेना तेथे उधाणाचे पाणी कोंडून, उन्हात आटवून मीठ पिकविले. हे सारे करणाऱ्या आगरी लोकांच्या नावातच आगर आहे, आणि शेजारच्या खारेगावाच्या नावात खार. आम्ही डोंगरात किल्ले शोधीत हिंडलो. पण समुद्राशी रोजची लढाई देऊन माणसाने राखलेले हे बुटके तट आमच्या दाराशी होते, त्यांकडे आमचे कधी लक्ष गेले नाही.

सावकाश चालण्याचा एक लाभ असा की, ज्या वस्तू वेगवान मनुष्यास दिसत नाहीत त्या दिसू लागतात. निवटी हा मासा ओहोटीच्या चिखलात पोटावर उड्या मारीत चालतो, हे आम्ही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथम पाहिले. शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर, जणू धोतराचा सोगा सावरीत, उथळ पाण्यातून जातो. रोहित पक्ष्यांचे मोठे थवे ऐरोलीच्या खालच्या अंगास उतरतात. तेथील खाडीचा भाग २०१५ साली अभयारण्य ठरला आणि २०२२ साली रामसर यादीत त्यास स्थान मिळाले. आमच्या वाट्यास त्यांची एखादी दूरवरून जाणारी गुलाबी रेघ येते, पण तेवढीही पुरते. भरतीची वेळ दिवसागणिक सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून रोज एकाच वेळी निघूनही वाट रोज निराळी भेटते. आज जेथे चिखल, तेथे आठवड्याने पाणी. डोंगरावर असे होत नाही. शिखर आपल्या जागीच असते.

आणि या सबंध वाटेवर समोर, पैलतीरी, ठाण्याचा किल्ला असतो. पारसिकमागून सूर्य वर आला की पहिले ऊन त्याच बाजूस पडते, आणि झाडीतून त्याचा बुटका तट दिसतो. या किल्ल्यास ना कडा, ना माची. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला. तो पुरा होण्याच्या आतच, १७३७ साली, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ च्या डिसेंबरअखेर तो इंग्रजांनी जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला, तो आजतागायत तुरुंगच आहे. महाराष्ट्रातील बहुतेक किल्ले ओस पडले, काही नुसते ढिगारे झाले. हा मात्र अद्याप आपले काम करीत आहे. मात्र पूर्वी शत्रूस आत येऊ न देणे हे त्याचे काम होते, आता आतल्यास बाहेर जाऊ न देणे हे आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा भाचा राहावयास आला होता. वय वर्षे बारा. तो आमच्याबरोबर फिरावयास येई, आणि आमच्या वेगास कंटाळून पुढे पळे व परत येई. एके सकाळी त्याने विचारले, “मामा, समोरचा किल्ला पाहायला कधी जायचं?”

आम्ही म्हणालो, “बाळ, तो पाहायला जायचा किल्ला नव्हे. तिथे गेलेल्यांना बाहेर यायचीच घाई असते.”

आपल्या विनोदावर आपणच खूष होण्याची आमची जुनी खोड. त्या भरात आम्ही बांधावर बसून त्यास त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगावयास आरंभ केला. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी. १८१५ साली पंढरपुरास गंगाधरशास्त्र्यांचा खून झाला, त्याचा आळ त्याजवर आला, आणि इंग्रजांनी त्यास याच किल्ल्यात आणून ठेवले. पहारा गोऱ्या शिपायांचा; त्यांना मराठी कळेना. अशी आख्यायिका आहे की, एका साहेबाचा मोतद्दार खिडकीखाली घोड्यास खरारा करता करता मराठीतून गाणे गुणगुणे, आणि त्या गाण्यातच सुटकेचा सारा बेत गुंफलेला असे. १८१६ च्या सप्टेंबरात, पावसाळी रात्री, त्रिंबकजी निसटला. भाच्याचे डोळे चमकू लागले. आम्हीही हातवारे करून मोतद्दार झालो, शिपाई झालो. डॉक्टरांच्या नियमाचा, चालता येईल तितकेच बोलावे या अर्थाने, आम्ही पुरता भंग केला.

गोष्ट संपल्यावर मागून आवाज आला, “दादा, मग त्या पळालेल्या माणसाचं पुढं काय झालं?”

आम्ही वळून पाहिले. बांधाच्या पलीकडच्या अंगास एक म्हातारी बाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, बसली होती. ती केव्हापासून तेथे होती कोण जाणे. मुरबाडकडची असल्याचे तिने सांगितले. मुलाच्या भेटीसाठी आदल्या दिवशी निघाली होती. वाटेत गाडी चुकली, भेटीची वेळ टळली, म्हणून कळव्यास नात्यातल्या घरी उतरली. आज पुन्हा जावयाचे होते. मुलाचा खटला अजून उभा राहावयाचा होता. काय आरोप आहे ते आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

“पण मावशी, तुम्ही इथे कशा बसलात? दरवाजा तर तिकडे आहे,” आम्ही विचारले.

ती म्हणाली, “तिकडं नुसती भिंत दिसते, दादा. पोरगा म्हणला, बराकीपुढं मोठं झाड हाय. भिंतीपाशी उभं राहिलं तर झाड दिसत न्हाई. हितनं शेंडा दिसतो.”

तिने बोट दाखविले. तटाच्या वर खरोखरच काही झाडांचे शेंडे होते. तिचे झाड त्यांपैकी कोणते, हे तिलाही ठाऊक नसावे. परंतु ती त्यांतल्या एकाकडेच पाहत होती. ज्या वाटेने आम्ही सहा महिने रोज येरझारा घातल्या, त्या वाटेवरून ते शेंडे आम्ही रोज पाहिले होते, आणि झाडाखाली कोणी असेल हे आमच्या कधी मनात आले नव्हते. मघाचा आमचा विनोद आता तोंडात कडू झाला. तो तिने ऐकला असणार. पण त्याविषयी तिने अवाक्षर काढले नाही. तिला उत्तर हवे होते ते गोष्टीच्या शेवटाचे.

तेव्हा जो भाग आम्ही नेहमी गाळतो, तो सांगणे भाग पडले. त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडला गेला. पुढे त्यास काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेविले. आणि तेथेच, कैदेत, १८२९ साली तो वारला.

बाईने मान हलविली. “म्हंजे पळून काही झालं न्हाई. पळण्यात काय हाय, दादा? सुटायला पायजे.” असे म्हणून ती उठली, लुगड्याचे गवत झटकले, आणि पुलाकडे चालू लागली. भाच्याने न सांगता तिची पिशवी घेतली आणि तो तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेला. आम्ही मागून आमच्या वेगाने गेलो, तोवर ती दिसेनाशी झाली होती.

त्या दिवसापासून पळणे आणि सुटणे या दोन शब्दांनी आमच्याबरोबर फिरावयास आरंभ केला आहे. इतिहास आम्हांस आवडे तो पळून जाणाऱ्यांचा. याच तुरुंगात १८४८ सालच्या २ मे रोजी राघोजी भांगऱ्यास फाशी दिले. १९१० सालच्या १९ एप्रिल रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिघे तरुण येथेच फासावर गेले. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पण बांधावर बसून भाच्यास सांगण्यास आम्ही निवडला तो निसटलेला त्रिंबकजी, आणि तोही अर्धाच. कारण आम्हीही डोंगरावर जात होतो ते बहुधा पळूनच: कचेरीपासून, घरच्या कटकटींपासून, आणि अलीकडे आपल्या वयापासून. सपाट वाटेचा एवढा तिटकारा आला तो याचसाठी. सपाट वाटेवर पळता येत नाही, आणि आपण कोठे आहोत ते सारखे दिसत राहते.

चढ बंद झाला, त्यास आम्ही काही महिने मनातल्या मनात कैद म्हणत होतो. आता तो शब्द त्या अर्थी वापरण्याची लाज वाटते. ज्यास पहाटे उठून, कोणाची परवानगी न घेता, ओल्या गवतातून भरतीच्या कडेपर्यंत जाता येते, आणि कंटाळा आला म्हणजे परत फिरता येते, तो मनुष्य कैदी नव्हे. अर्धा तासाची ती वाट किती मोठी आहे, हे तिच्या समोरच्या तटाकडे पाहूनच कळते.

ती बाई पुन्हा भेटली नाही. मुलगा सुटला म्हणून आली नाही, की दुसऱ्या कारणाने, हे कळण्यास मार्ग नाही. आम्ही मात्र रोज जातो. ती जेथे बसली होती तेथे क्षणभर थांबून पलीकडच्या शेंड्यांकडे पाहण्याचा परिपाठ पडला आहे. परवा भाच्याचा निरोप आला. शाळेत गोष्ट सांगावयाची आहे, त्रिंबकजीची पुन्हा नीट सांगा. आम्ही सांगितली. आता ती आम्ही चुनारपर्यंत सांगतो.